गव्हाळ

अलिबागच्या कचेरीत मी सव्वीस वर्षं काढली.
माजी सैनिकांचे अर्ज. टाचण्या, लाख, दोन शिक्के.
मंगळवारी मुरूडकडची माणसं येत, पहिल्या एस.टी.नं,
आणि बाकावर बसून माझ्या चहाकडे बघत राहत.

ती बसली नाही.
पायात पुरुषी बूट, पॉलिश केलेले.
मी मान वर करेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभी राहिली,
कवायत शिकलेली माणसं राहतात तशी.

"नवऱ्याचा अर्ज?"
"माझा."
"भावाचा?"
"माझा. जैतून इस्माईल सिद्दी, राजपुरी."

रुमालातून पुस्तक काढलं. कापडी बांधणी, कडांना कसर.
महिला सहायक दल. काम: टेलिफोन ऑपरेटर.
त्रेचाळीस ते सेहेचाळीस. वर्तणूक: उत्तम.

मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलली.
"तीन वर्षं तळघरात, सायेब. खिडक्यांना काळा कागद.
कानाला लोखंड, समोर भोकांची भिंत.
कुणी कोलंबो मागायचा, कुणी विशाखापट्टण,
एकदा रात्री दोनला एक पोरगा रडत रक्ताच्या बाटल्या मागत होता.
मी जोडून द्यायची.
तारेतून मला कुणी हबशीण म्हटलं नाय.
तारेत मी नुसता आवाज.
पाळी संपली की जिना चढून वर यायची
नि दारावरचा शिपाई पास मागायचा.
रोज. बाकीच्या पोरी तोवर रस्ता ओलांडून गेलेल्या असायच्या."

मी पान उलटलं.
उंची पाच फूट सहा.
खूण: डाव्या भुवईवर व्रण.
वर्ण: गव्हाळ.

मुंबईतल्या कुणा कारकुनानं, माझ्याचसारख्या,
रांगेतल्या सगळ्या मुलींपुढे हाच शब्द लिहिला असणार,
मान वर न करता.
मी मान वर केली.
दोघांत जास्त चुकलं कुणाचं, अजून ठरत नाही.

"यातली बाई गव्हाळ आहे," मी म्हणालो.

"आमच्यात गहू नाय पिकत, सायेब," ती म्हणाली,
"नाचणी पिकते."

शेजारच्या टेबलावर परांजपे हसले. मीही, थोडा.
मग लाल शाईनं शेरा मारला:
वर्णन जुळत नाही. ओळख पटत नाही.

व्रण होता.
मी पाहिला होता. डाव्याच भुवईवर.

तिनं तो शेरा टेबलापलीकडून, उलटा, इंग्रजीतला,
सरळ वाचला.
पुस्तक रुमालात बांधलं. टाचा जुळवल्या.

निवृत्त झालो त्या वर्षी मी राजपुरीला गेलो.
पिशवीत एक कोरा फॉर्म होता. चोरलेला म्हणा.
धक्क्यावर होडीवाला पर्यटकांना
किल्ल्यावरच्या तोफेची लांबी सांगत होता,
तिचं वजन, तिचा पल्ला, तिचं नाव.

"जैतूनखाला?" सुक्या बोंबलांच्या टोपलीमागची बाई म्हणाली,
"तीन वर्षं झाली तिला जाऊन.
पोस्टात फोन आला ना पहिल्यांदा,
घंटा वाजली की मास्तरपण दचकायचा.
ही जायची, उचलायची, म्हणायची, नंबर प्लीज.
आम्ही पोटं धरून हसायचो."

बाईनं तागडी उचलली.
एक पारडं हलकं पडत होतं म्हणून त्याच्या दोरीला
पासंग बांधलेला: पितळी, गोल,
अक्षरं झिजून गेलेली, वरचा मुकुट तेवढा बोटाला लागणारा.

"तिचाच बिल्ला," बाई म्हणाली. "वजन बरोबर येतं."

मी अर्धा किलो घेतले. भाव केला नाही.
परतीच्या गाडीत बोंबील आणि कोरा फॉर्म एकाच पिशवीत.
वास सगळ्यांना येत होता.
रेवदंड्याला कुणीतरी खिडकी उघडली.